प्रोसेसराव

प्रोसेसरावांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते तिथंच राहू दे. कंपनीचं नावही विचारू नका. हिंजवडीत फेज एकपासून फेज तीनपर्यंत कुठल्याही इमारतीत शिरा आणि लिफ्टमधून मधल्या एखाद्या मजल्यावर उतरा, एक प्रोसेसराव भेटतीलच. गळ्यात आयडी कार्ड, खिशाला तीन रंगांची पेनं आणि हातात वही. वहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं, 'पान इतकं पैकी इतकं'. वही अजून अर्धी कोरी आहे, मग त्या 'पैकी'पुढचा आकडा आला कुठून, असं विचारणारा माणूस त्यांच्या टीममध्ये टिकत नाही.

सकाळी पावणेदहाला स्टँडअप असतो. काल काय केलं, आज काय करणार, घोडं कुठं अडलंय, एवढंच सांगायचं आणि पंधरा मिनिटांत कामाला लागायचं, असा स्क्रमचा रिवाज. उभं राहायचं ते अशासाठी, की पाय दुखायला लागले की माणूस आपोआप आवरतं घेतो. प्रोसेसरावांचा स्टँडअप पाऊण तास चालतो. मध्यंतरी त्यांचे गुडघे धरायला लागले. दुसरा कोणी असता तर मुकाट्यानं खुर्ची ओढून बसला असता. प्रोसेसरावांनी डेव्हिएशनचा फॉर्म भरला. विषय : स्टँडअपमध्ये बसण्याबाबत. कारण : गुडघे. जोखीम : इतरही बसतील. उपाय : खुर्ची एकच ठेवावी. त्यावर डिलिव्हरी हेडची सही घेतली आणि मगच टेकले. ही परवानगी दर तिमाहीला संपते. नवी सही येईपर्यंतचे दोन दिवस ते कळ सोसत उभे असतात. त्या दोन दिवसांत स्टँडअप पंधरा मिनिटांत संपतो, हे टीममधल्या सगळ्यांच्या लक्षात आलंय. फक्त ते कोणी लेखी दिलेलं नाही.

मूळचे ते पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तिथं नग हातात घेता यायचा. गेज लावायचा, बसला तर पास, नाही तर रिजेक्टच्या लाल पेटीत. आयएसओ ९००० ची लाट आली तेव्हा त्यांनी शॉपफ्लोअरवरच्या झाडूलाही नंबर दिला होता म्हणे. पुढं वायटूकेची धांदल उडाली. कंपन्यांना माणसं कमी पडायला लागली आणि त्या भरतीत हेही सॉफ्टवेअरमध्ये आले. इथं नगच नाही! हजारो ओळींचा कोड आहे म्हणतात, पण तो धरायचा कुठून आणि गेज लावायचा कुठं? काही महिने ते बिचारे अगदी कावरेबावरे झाले होते. मग त्यांना फाइल सापडली. फाइल हातात धरता येते.

आणि नेमक्या त्याच वेळी वर्षंही त्यांच्या बाजूची आली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला कंत्राटदारांच्या सॉफ्टवेअरनं जेरीस आणलं होतं. बोली लावणाऱ्यांपैकी कोण काम नीट करील हे आधी ओळखायचं कसं, म्हणून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटकडे विचारणा झाली. आयबीएममधून तिथं आलेल्या वॉट्स हम्फ्रींच्या विचारातून १९९१ मध्ये सीएमएमची, म्हणजे कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेलची, पहिली आवृत्ती निघाली. पाच पायऱ्या. पहिल्या पायरीवर जो तो आपल्या मनाचा राजा. पाचवीवर संस्था स्वतःच स्वतःला मोजते आणि सुधारते. अमेरिकेसाठी केलेलं हे माप खरं वापरलं ते आपण. मोटोरोलाचं बंगळुरूचं केंद्र नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातच पाचव्या पायरीवर जाऊन बसलं, आणि पुढं आपल्याकडच्या कंपन्यांची तिथं रांग लागली. कारण उघड होतं. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाईकाला पुण्यातला प्रोग्रॅमर दिसत नव्हता. प्रमाणपत्र दिसत होतं.

प्रोसेसरावांचा सुवर्णकाळ तो हाच. असेसमेंटच्या आधीचा महिना ते घरी फक्त आंघोळीला जात. टीममधल्या पोरांकडून क्वालिटी पॉलिसी पाठ करून घेत. "पॉलिसी कुठे लावली आहे?" असं ऑडिटरनं विचारलं तर "कूलरच्या शेजारी" एवढंच सांगून गप्प बसायचं, पुढं एक अक्षर बोलायचं नाही, ही ताकीद. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यालाही ती पॉलिसी येत होती आणि तो ती आमच्यापेक्षा चांगली म्हणायचा. आदल्या रात्री आठ-नऊ महिन्यांच्या मीटिंगांची मिनिट्स 'तयार' व्हायची. प्रोसेसरावांची तीन पेनं त्या कामासाठी. मार्चची मीटिंग निळ्या शाईत, जूनची काळ्या, ऑगस्टची हिरव्या. एका दमात केलेल्या सह्या एकसारख्या दिसतात, म्हणून दर दहा कागदांनंतर सगळ्यांना चहा देत. एकदा एका उत्साही पोरानं जुनं वाटावं म्हणून कागदावर चहाच्या कपाचा गोल डाग पाडला. प्रोसेसराव तडकले, "दस्तऐवजाचा अपमान आहे हा!" तारीख खोटी चालेल, डाग खोटा चालणार नाही. त्यांच्या नीतिशास्त्राला अशा कडा होत्या आणि त्या त्यांनी कधी ओलांडल्या नाहीत.

एका स्क्रीनवर बटणाचं स्पेलिंग चुकलं होतं. दोन अक्षरांची अदलाबदल, बस. सोमवारी सापडलं. चेंज रिक्वेस्ट, इम्पॅक्ट ॲनालिसिस, रिव्ह्यू, रिव्ह्यूचा रिव्ह्यू, टेस्ट रिपोर्ट अशी वरात निघाली आणि बटण पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी शुद्ध झालं. चेंज रिक्वेस्टच्या फॉर्मवर तेच स्पेलिंग चुकलेलं होतं. पण तो टेम्प्लेटचा भाग असल्यानं त्याला वेगळी चेंज रिक्वेस्ट लागणार होती.

कोणी कुरकुर केली की प्रोसेसराव नासाच्या स्पेस शटलची गोष्ट काढत. ती खोटी नाही. शटलचं सॉफ्टवेअर लिहिणारा ह्यूस्टनचा गट पाचव्या पायरीचा मूळपुरुष. सव्वाचार लाखांच्या आसपास ओळी, आणि एका टप्प्यावर लागोपाठच्या तीन आवृत्त्यांत चूक सापडली ती प्रत्येकी एक. ओळ बदलायची तर आधी कागद. तिथं कोणी रात्र रात्र जागत नसे, वेळेवर घरी जात. हे सांगताना प्रोसेसरावांचा आवाज कातर होई. पण शटलमध्ये माणसं बसलेली असत. आमच्या त्या प्रोजेक्टमध्ये टूथपेस्टची कूपनं होती.

मग वारं फिरलं. अमेरिकेतल्या क्लायंटकडे नवा साहेब आला आणि त्यानं पहिल्याच कॉलवर विचारलं, तुम्ही अजाइल आहात ना? आमच्या डिलिव्हरी हेडनं तात्काळ "येस" म्हटलं, म्यूट केलं आणि प्रोसेसरावांकडे वळून विचारलं, "म्हणजे काय?"

प्रोसेसरावांनी अजाइलचा मॅनिफेस्टो मागवला. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड नावाच्या स्की रिसॉर्टवर सतरा जण जमले. जाडजूड प्रोसेसना कंटाळलेली, स्वतःच्या निरनिराळ्या पद्धती काढून बसलेली ही मंडळी. त्यांनी मिळून चार वाक्यांचा एक जाहीरनामा लिहिला. प्रोसेसपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोठं, जाड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, करारातल्या घासाघाशीपेक्षा गिऱ्हाईकाबरोबर बसून केलेलं काम मोठं, आणि आखलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोठं. सगळं एका पानात मावतं. प्रोसेसरावांनी पान उलटून पाहिलं. मागं कोरं.

"व्हर्जन नंबर कुठंय?" त्यांनी विचारलं. "सतरा नावं आहेत, सही एकाचीही नाही. पुढचा रिव्ह्यू कधी? आणि हे अप्रूव्ह कोणी केलं?"

आम्हाला वाटलं, माणूस आता राजीनामा देणार. पण तळाशी एक वाक्य होतं, जे मॅनिफेस्टो मिरवणारे शंभरातले नव्वद जण वाचत नाहीत. उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, डावीकडच्यांना आम्ही अधिक मानतो, अशा अर्थाचं. प्रोसेसरावांनी ते हिरव्या पेनानं अधोरेखित केलं. मूळ इंग्रजी वाक्यांत उजवीकडे काय? प्रोसेस, कागदपत्रं, करार, योजना. म्हणजे सगळा संसार शाबूत! त्यांचं अख्खं अजाइल त्या एका वाक्यावर उभं आहे.

शनिवार-रविवारचा वर्ग करून ते सर्टिफाइड स्क्रममास्टर झाले. "लेव्हल पाचला कंपनीची काही वर्षं गेली, हे दोन दिवसांत झालं," असं म्हणाले, जरा खिन्नपणेच. सोमवारी आम्हा सगळ्यांच्या मेलबॉक्समध्ये 'अजाइल प्रोसेस मॅन्युअल, आवृत्ती १.०' येऊन पडलं. सोबत टेम्प्लेटं. भिंतीवर चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्यांना अनुक्रमांक. चिठ्ठी 'करायचंय'मधून 'चालू'मध्ये सरकवली की शेजारच्या रजिस्टरमध्ये वेळ आणि सही. एका पावसाळ्यात एसीच्या झोतानं रातोरात सगळ्या चिठ्ठ्या खाली पडल्या, त्यातल्या अर्ध्या सफाईवाल्या मावशींनी भक्तिभावानं उचलून 'झालं'च्या रकान्यात चिकटवल्या. त्या पंधरवड्याचा रिपोर्ट आमच्या इतिहासातला सर्वोत्तम आहे.

अंदाजाचे पत्ते आले. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. काम किती मोठं आहे त्याचा पत्ता प्रत्येकानं मनाशी काढायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे कोणी कोणाच्या दबावाखाली येत नाही. आमच्याकडे पत्ता उघडण्याआधी सगळे प्रोसेसरावांच्या भुवईकडे पाहतात. भुवई वर गेली की आठ. दर दोन आठवड्यांच्या फेरीत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, किती पॉइंट झाले ती टीमची व्हेलॉसिटी. ती वरच्यांनी वाढवायला सांगितली. टीमनं इमानेइतबारे वाढवली. काल जे काम तीनचं होतं ते आजपासून पाचचं. आलेख असा चढला, की वार्षिक समारंभात ढाल मिळाली.

स्प्रिंट संपला की रेट्रो. काय चांगलं झालं, काय बिघडलं, मोकळेपणानं बोला, असं प्रोसेसराव म्हणतात आणि लगेच पेनाचं टोपण काढतात. अप्रेझल जवळ आलेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं, एसी फार थंड आहे. ते नोंदलं जातं, जबाबदारी ॲडमिनवर टाकली जाते आणि सभा विसर्जित होते. गेली कित्येक वर्षं आमच्या प्रोजेक्टमध्ये एसी सोडून काहीही बिघडलेलं नाही.

त्यांना प्रतिपक्षही मिळाला. बाणेरहून बुलेटवर येणारा एक तरुण टेक लीड, लॅपटॉपच्या झाकणावर इंचभर जागा उरणार नाही इतके स्टिकर. 'डॉक्युमेंट म्हणजे वेस्ट' हे त्याचं ब्रीद. वॉटरफॉल हा शब्द तो शिवीसारखा वापरतो. १९७० सालचा विन्स्टन रॉइस यांचा पेपर हा दोघांचाही आवडता. त्यात एक आकृती आहे. गरज, डिझाइन, कोड, चाचणी अशी पायरी-पायरीनं खाली उतरणारी, हाच तो वॉटरफॉल. हा म्हणतो, सगळ्या पापाचं मूळ ते. प्रोसेसराव म्हणतात, आद्य ग्रंथ. रॉइसनं त्या आकृतीच्या पाठोपाठ लिहिलंय, की हे असंच केलंत तर जोखमीचं आहे, तोंडावर आपटाल, शक्यतो गोष्ट दोनदा करा. आणि त्याच पेपरात पुढं असंही लिहिलंय, की पन्नास लाख डॉलरच्या हार्डवेअरला तीस पानांचं वर्णन पुरतं, तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला दीड हजार पानं लागतील. म्हणजे बाबांनी दोघांच्याही मुस्कटात मारून ठेवलीय. तरुणाला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "कॉन्टेक्स्ट वेगळा असेल." प्रोसेसरावांनी 'दीड हजार' एवढंच ऐकलं आणि त्यांचे डोळे पाणावले.

बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ मध्ये या भांडणावर अख्खं पुस्तक लिहून शहाणपणाची गोष्ट सांगितली. माणसं किती आणि कशी, चुकलं तर काय गमावणार, गरजा किती वेगानं बदलतात, हे बघा आणि मग शिस्त किती, मोकळीक किती ते ठरवा. मला तर हे शंभर टक्के पटतं. फक्त 'ठरवा' या क्रियापदाला आमच्याकडे कर्ता नाही. पद्धत क्लायंट ठरवतो, तारीख सेल्सवाले ठरवतात, आणि उरलेल्या मैदानात प्रोसेसराव आणि बुलेटवाला एकमेकांशी तत्त्वासाठी लढतात. त्या पुस्तकात पाच अक्षांचा एक कोळ्याच्या जाळ्यासारखा आलेख आहे. तो प्रोसेसरावांना इतका आवडला, की आता तो प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी भरावा लागतो. उत्तर काहीही आलं तरी स्प्रिंट दोन आठवड्यांचाच असतो.

घरीही हेच. "कोथिंबीर आणा म्हटलं तर हे विचारतात, स्वीकृतीचे निकष काय?" असं वहिनी सांगतात, पण हसून. मुलीच्या लग्नात मात्र त्यांचंही हसू मावळलं. प्रोसेसरावांनी जेवणावळीचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट केलं होतं. व्याह्यांची त्यावर सही होती आणि आठ दिवस आधी सगळं फ्रीझ. आदल्या संध्याकाळी व्याह्यांचा फोन : आमच्याकडची चाळीसेक माणसं वाढतील हो, आणि उद्या संकष्टी आहे, त्यातली निम्मी उपासाची. प्रोसेसरावांनी शांतपणे बॅगेतून चेंज रिक्वेस्टचा फॉर्म काढला. वहिनींनी तो हिसकावून घेतला.

"अहो, ते व्याही आहेत, क्लायंट नाहीत!"

"फरक सांग," प्रोसेसराव म्हणाले.

शेवटी दोघं कार्यालयाच्या मागच्या अंगाला आचाऱ्याकडे गेले. खांद्यावर पंचा, समोर सोललेल्या बटाट्यांचा डोंगर. प्रोसेसरावांनी बदलाची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली. आचारी म्हणाला, "साहेब, पानं सांगा."

"तीनशे चाळीस. त्यातली वीस उपासाची."

"मग भाताचं एक पातेलं वाढवतो. साबुदाणा आत्ताच भिजत घालतो. दाण्याचं कूट हाय." आणि पोराला हाक मारून तो परत बटाट्यांकडे वळला.

"पण तुम्ही अंदाज कसा काढलात?"

"हाताला कळतंय."

जेवण कमी पडलं नाही की उरलं नाही. अक्षता पडत असताना प्रोसेसराव वहीत लिहीत होते, असं त्यांच्या मेहुण्यांनी मला सांगितलं. मी पुढं ते पान पाहिलं. 'अंदाजपद्धती : हात. पुनरावृत्तिक्षमता : तपासणे.'

गेल्या वर्षीची गोष्ट. अमेरिकेतल्या विमा कंपनीचं आमचं सगळ्यात जुनं काम, त्याची साफसफाई बुलेटवाल्यानं काढली. त्यात त्याला एक विचित्र ओळ सापडली. काही ठरावीक पॉलिसींचा हप्ता पूर्ण डॉलरात करताना कायम खालच्या आकड्यावरच आणायचा, बाकीच्यांसारखा जवळच्या आकड्यावर नाही. शेजारी शेरा एवढाच, की क्लायंटनं सांगितलंय. कोणी, कधी, का, काही नाही. सगळ्या चाचण्या ती ओळ काढूनही हिरव्या येत होत्या, कारण त्या ओळीची चाचणीच कोणी लिहिली नव्हती. त्यानं ती उडवली. पुढच्या महिन्यात काही शे म्हाताऱ्या पॉलिसीधारकांना हप्ता एक डॉलरनं वाढून आला. म्हातारा माणूस अमेरिकेतला असला तरी एका डॉलरसाठी फोन करतो. क्लायंटकडचे जुने लोक निवृत्त झालेले, नव्यांना काही ठाऊक नाही, आणि ज्यानं ती ओळ लिहिली तो कॅनडात.

कॉलवर शांतता पसरली तेव्हा प्रोसेसराव उठले. खुर्चीवरून, गुडघ्यांवर हात देऊन. लोखंडी कपाट उघडून त्यांनी २००४ सालची एक फाइल आणली. त्यात एका मीटिंगची मिनिट्स होती. त्या पॉलिसी दुसऱ्या एका कंपनीकडून आलेल्या. ती विकत घेताना ग्राहकांना लेखी शब्द दिला होता, की तुमचा हप्ता एका डॉलरनंही वर सरकणार नाही. सगळा उलगडा झाला. ओळ परत गेली, डॉलर परत गेले. बुलेटवाला त्या कागदाकडे बघतच राहिला.

मीही बघत होतो. सह्या हिरव्या शाईतल्या होत्या. मीटिंग खरी झालेली, पण तो कागद ऑडिटच्या आदल्या रात्री, चहाच्या तिसऱ्या की चौथ्या फेरीनंतर, आता कॅनडात असलेल्या त्याच पोरानं आठवून आठवून लिहिलेला होता. ऑडिटरनं त्या फाइलला हातही लावला नव्हता. तो कागद उपयोगी पडावा असा इरादा त्या खोलीतल्या एकाचाही नव्हता.

डिलिव्हरी हेडनं प्रोसेसरावांची पाठ थोपटली, सगळ्या कंपनीला मेल गेला. प्रोसेसरावांना त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःविरुद्धच एनसी, म्हणजे नियमभंगाची नोंद, काढली. फाइल कपाटातून काढताना रजिस्टरमध्ये नोंद केली नव्हती. आता आमचं सगळं अजाइल असल्यामुळे एनसी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, गेली आणि बॅकलॉगमध्ये गेली म्हणून तिचा अंदाज काढणं आलं. पत्ते वाटले गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी भुवईकडे पाहिलं नाही. सगळ्यांचा पत्ता एक. बुलेटवाल्याचाही एक. प्रोसेसरावांचा तेरा.

नियम असा, की सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा काढणाऱ्यांनी आपापली बाजू मांडायची. बुलेटवाला म्हणाला, "सर, रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायचीय फक्त."

प्रोसेसरावांनी वही उघडली, टोपण काढलं आणि आयडी कार्डाच्या दोरीला लटकणारी कपाटाची किल्ली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ही किल्ली त्या वेळी कोणाकडे होती, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलेलं नाही."